एका वहीत सतरा हात

"हा माणूस आहे की झोपाळा?" ताई पुटपुटल्या आणि वही त्यांनी उजेडात धरली.

शनिवारचं पान होतं. सगळ्यात वर एकशे बत्तीस–चौऱ्याऐंशी. ठीक. त्याच्याखाली एकशे अठ्ठ्याण्णव–एकशे चौदा. त्याच्याखाली एकशे सोळा–चौऱ्याहत्तर. मग एकशे अडतीस, मग एकशे बावीस, मग एकशे अठ्ठावन्न, मग धाडकन एकशे बारा. ताईंनी बोट ठेवून मोजले. एका दिवसात एकोणीस आकडे. एवढं वरखाली तर लिफ्टसुद्धा करत नाही.

वही होती टपालकाकांची. पस्तीस वर्षं पोस्टमन होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं. त्यांची बीपीची गोळी वाढवायची की आहे तीच ठेवायची, हे डॉक्टरांना ठरवायचं होतं. दवाखान्यात काकांचं प्रेशर डॉक्टरांना बघूनच चढायचं, म्हणून ताईंनी आपल्या मेडिकलमधलं मशीन त्यांना आठवडाभर घरी दिलं होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सात दिवस. देताना दम भरला होता, "वहीत तारीख आणि आकडा. तिसरी गोष्ट एक अक्षर लिहायची नाही." कारण आधीच्या पेशंटनं अशीच वही नेली होती आणि त्यात सुनेबद्दल चाळीस पानं लिहून आणली होती. प्रेशरचा आकडा त्यात एकच होता, तोही सुनेचा फोन नंबर निघाला.

टपालकाका काउंटरच्या पलीकडे उभे होते आणि एका अनोळखी बाईंना खोकल्यावर काय घ्यावं ते सांगत होते.

ताईंनी फोन उचलला.

"डॉक्टर, टपालकाकांची वही आलीय. शनिवारी दिवसभरात एकशे बारापासून एकशे अठ्ठ्याण्णवपर्यंत गेलेत. खालचा एकशे चौदा."

"काय? शुद्धीत आहेत का?"

"शुद्धीत आहेत. माझ्या दुकानात माझ्याच गिऱ्हाइकाला औषध सुचवतायत."

"बसवा त्यांना. हलू देऊ नका, बोलू देऊ नका. मी ॲम्ब्युलन्स पाठवतो."

ताई काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आल्या, काकांना दंडाला धरून आत नेलं आणि प्रेशर मोजायच्या खुर्चीत दाबून बसवलं.

"काय झालं ताई?"

"बोलायचं नाही."

"पण मी म्हणत होतो की त्या वहीत..."

"एक शब्द नाही! बोललं की प्रेशर वाढतं. पाय जमिनीला टेकवा. हात टेबलावर. गप्प."

पट्टा बांधला, बटण दाबलं. एकशे तीस–ब्याऐंशी. ताईंनी पुन्हा दाबलं. एकशे अठ्ठावीस–ब्याऐंशी.

"बघा, प्रेशर कसं साधं तोंड करून बसलंय," ताई म्हणाल्या, "आणि शनिवारी कुठे जाऊन आलं ते बघा."

खोकलावाल्या बाई फळकुटावरून वाकून बघत होत्या. "माझ्या दिरांचं असंच झालं होतं. सकाळी हसत होते."

"मग?"

"मग दुपारी रडले. दाढ दुखत होती."

काकांनी बोट वर केलं, शाळेत करतात तसं.

"बोट खाली!" ताई ओरडल्या.

काकांनी बोट खाली घेतलं. दोन मिनिटांनी डाव्या हातानं हवेत काहीतरी लिहून दाखवलं. ताईंना वाटलं, मृत्युपत्र मागतायत. गेल्या चार वर्षांत दर महिन्याला या माणसाला गोळ्या देताना त्या त्याच्यावर खेकसल्या होत्या, कारण तो कधी म्हणून एका वाक्यात सांगायचा नाही. आता तो काहीच सांगत नव्हता, तर तेही बघवत नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर जाडजूड होता आणि कपाळाला आठ्या घालूनच उतरला. त्याच्याबरोबरच्या माणसानं स्ट्रेचर काढलं. स्ट्रेचर दारातून आत आलं, पण काउंटर आणि कपाटाच्या मध्ये अडकलं. ड्रायव्हरनं ते उभं केलं, तर पंख्याला लागलं. शेवटी काका स्वतःच उठून बाहेर चालत गेले आणि फुटपाथवर स्ट्रेचरवर आडवे झाले. गर्दी जमली. पट्टे आवळल्यावर ड्रायव्हरनं, सवयीनं म्हणा, विचारलं, "काय होतंय काका?"

सकाळपासून काकांना हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यांनी ताईंकडे बघितलं.

"बोला," ताई म्हणाल्या.

"मला काही होत नाहीये," काका म्हणाले. "त्या एकोणीसमधले दोनच माझे आहेत. पहिला आणि शेवटचा."

"आणि मधले सतरा?"

"ते बिल्डिंगचे."

फुटपाथवर कुणीतरी फिदकन हसलं. ताईंनी डोळे मिटून घेतले.

"असं बघा," काका आडवे पडूनच समजावू लागले, "मशीन दिवसभर टेबलावर नुसतं पडून राहायचं. मला बघवेना. पस्तीस वर्षांत माझ्या हातात आलेली वस्तू मी घरी ठेवून घेतली नाही. शनिवारी शेवटी पिशवीत घातलं आणि टपाल वाटायचो तशी बीट मारली. तळमजल्यापासून सुरुवात, डावं घर, उजवं घर, मग वर. घरोघर वाटत गेलो. सगळे खूश झाले."

"नावं का नाही लिहिलीत?"

"तुम्हीच म्हणालात, तिसरी गोष्ट लिहायची नाही."

ड्रायव्हरनं पट्टे सोडले. सोडताना एकेक पट्टा असा आपटला, की जणू ताईंच्याच डोक्यात घालतोय. "पेट्रोल काय पाण्यातून येतं का बाई?" एवढंच बोलला आणि गाडी घेऊन गेला.

डॉक्टर फोनवर जास्त बोलले. "ताई, मला त्या बिल्डिंगचं सरासरी प्रेशर काढायचंय का? बिल्डिंगला गोळी द्यायचीय का? पाण्याच्या टाकीत टाकू?" ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मशीन त्यांचं, वही त्यांची, नियमसुद्धा त्यांचाच.

फोन ठेवला आणि वही मिटता मिटता त्यांचा हात थांबला.

एकशे अठ्ठ्याण्णव–एकशे चौदा. काकांचा नाही ना, मग कुणाचा आहे? कुणाचा तरी आहेच. दोन दिवस झाले, तो माणूस या आकड्यासकट जिने चढतोय, उतरतोय, आणि त्याला पत्ता नाही. आज संध्याकाळी आडवा झाला तर वहीत मात्र टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं सापडेल.

"काका, चला," ताई म्हणाल्या. दाराला 'येतेच' अशी पाटी लावली आणि मशीन काखेत मारलं. खोकलावाल्या बाई औषध न घेताच मागे निघाल्या. त्यांना आता खोकल्यापेक्षा यात रस होता.

बिल्डिंगमध्ये आठ घरं. काकांचं दुसऱ्या मजल्यावर. बीट तळमजल्यावरच्या डाव्या घरापासून सुरू झाली होती, म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव शिवणकाम करणाऱ्या वहिनींचा. ताईंनी बेल वाजवली. वहिनी गळ्यात टेप अडकवून बाहेर आल्या.

"वहिनी, घाबरू नका. शनिवारी तुमचं प्रेशर एकशे अठ्ठ्याण्णव होतं."

"कुणाचं? माझं? हे बोलायला दुकान बंद करून आलात? माझं एकशे सोळा होतं, मला पाठ आहे, मी माहेरी फोन करून सांगितलंय!"

"यादीत एकशे सोळा तुमच्या मिस्टरांचं आहे."

"त्यांचं?" वहिनी आतल्या दिशेनं बघून हसल्या. "त्यांचं एकशे सोळा आलं तर मी हे मशीन रस्त्यावर फेकून देईन."

समोरच्या घरातले वकील आवाज ऐकून बाहेर आले. त्यांच्या नावावर एकशे अडतीस होतं. "मी काहीही मान्य करत नाही," ते म्हणाले. "माझी सही आहे का त्यावर?"

वरच्या मजल्यावरचा व्यायामशाळेतला दादा तर भडकलाच. बनियनवर होता, हातात डंबेल. "एकशे अठ्ठावन्न? ताई, हा दंड बघा. हा एकशे अठ्ठावन्नचा दंड आहे? मी लोकांना फिट करतो. हे बाहेर गेलं तर माझे क्लास बंद पडतील."

त्याच्या शेजारच्या गाण्याच्या बाईंना यादीप्रमाणे एकशे बारा मिळालं, आणि त्या ते सोडेनात. "माझंच आहे. श्वासाचा रियाज असतो माझा. शोभतं की नाही मला?"

"अहो बाई, ते माझं आहे!" दादा म्हणाला.

"पुरावा?" खालून वकील ओरडले.

पाच मिनिटांत जिन्यात अशी भांडणं जुंपली, की ताईंना आपण प्रेशर मोजायला आलोय की वाढवायला, तेच कळेना. चांगले आकडे सगळ्यांना हवे होते. एकशे सोळाला चार जण मालक निघाले. एकशे अठ्ठ्याण्णवला एकही नाही. टपालकाका पायरीवर बसून मधूनमधून म्हणत होते, "क्रम चुकणार नाही. पस्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात गेलं नाही माझं." त्यामुळे लोक अजूनच चिडत होते.

"बास!" ताईंचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "सगळ्यांचं परत मोजणार. आत्ता. प्रत्येकानं आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. जो बोलेल त्याचा नंबर शेवटी."

सोळा माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे काय असतं ते त्या बिल्डिंगला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या मिनिटाला वकील म्हणाले, "एक तांत्रिक मुद्दा..." आणि शेवटी गेले. तिसऱ्या मिनिटाला दादानं डंबेल खाली ठेवलं, ते आजीच्या चपलेवर पडलं. आजी वकिलांच्याच घरातल्या, ब्याऐंशी वर्षांच्या. त्या जे बोलल्या ते मोजलं नाही, वयाकडे बघून. टपालकाकू दुसऱ्या मजल्यावरून पाण्याचे पेले घेऊन खाली आल्या, मग रिकामे घेऊन वर गेल्या, मग खोकलावाल्या बाईंसाठी कोमट पाणी घेऊन परत खाली आल्या.

एकेक हात पट्ट्यात जात होता. ताई उकिडव्या बसून, वही गुडघ्यांवर धरून, आकडे लिहीत होत्या. आणि यावेळी शेजारी ठसठशीत नाव.

शिवणाऱ्या वहिनी, एकशे अठरा. त्यांचे मिस्टर, एकशे चाळीस. वकील, शेवटून पहिले, एकशे चोवीस. आजी, एकशे छप्पन्न. दादा, एकशे चौदा. गाण्याच्या बाई, एकशे अठ्ठेचाळीस.

"बघा, तुमच्या भांडणामुळे वाढलं," गाण्याच्या बाई रडकुंडीला आल्या.

सोळाच्या सोळा झाले. एकशे अठ्ठ्याण्णवच्या जवळपास कुणी नाही. ताईंनी मशीन झटकलं, बॅटरी काढून परत घातली. मग दोन्ही याद्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं. शनिवारच्या पानावरचा एक ओळ खालचा आकडा प्रत्येकाला दिला, की सगळं चपखल बसत होतं. एकशे सोळा वहिनींचं. एकशे अडतीस त्यांच्या मिस्टरांचं. एकशे अठ्ठावन्न आजीचं, एकशे बारा दादाचंच. एकूणएक जुळत होतं.

"काका, तुमची बीट बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

"मी काय म्हणत होतो?"

"पण तळमजल्याच्या आधी एक हात जास्तीचा आहे. वहिनींच्या दारात जायच्या आधी कुणाला पट्टा बांधलात?"

"कुणालाच नाही. घरातून निघालो तो थेट वहिनींकडे."

"वाटेत? जिन्यात? दूधवाला? पेपरवाला?"

"आई शप्पथ कुणी नाही!"

लोक पांगले. ज्याला त्याला आपापला आकडा मिळाला होता, दुसऱ्याचा कुणाचा राहिला याचं कुणाला काय पडलंय? ताई मात्र काकांच्या घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मटकन बसल्या. पाय आखडले होते, दुकान बंद होतं, डॉक्टर रागावले होते आणि तो एक आकडा समोर तसाच बसला होता. काकूंनी चहाचा कप ठेवला आणि ओट्याकडे वळल्या.

"ताई, एवढ्या कशाला दमलात? तो पहिला सोडून द्या हो," त्या कप विसळता विसळता म्हणाल्या. "तो काही खरा नाही."

"खरा नाही म्हणजे?"

"अहो, हे मशीन घेऊन लोकांच्या दारात चालले होते. चालतंय की नाही ते आधी बघायला नको? नाहीतर सगळ्यांसमोर फजिती. म्हणून जरा लावून बघितलं. फुगलं, आकडा आला. म्हटलं, चालतंय. मग दिलं यांना."

"कुणाच्या हाताला लावून बघितलंत?"

काकू वळल्या. प्रश्नच त्यांना मूर्खपणाचा वाटला असावा. "माझ्याच. दुसरा हात कुठून आणू?"

ताईंनी वहीतल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि तो वहीत लिहिलात," ताई म्हणाल्या.

"आलेला आकडा वाया का घालवायचा?"

"अगं, पण मला सांगायचं तरी!" काका म्हणाले.

"काय सांगायचं? तुम्ही पिशवी शोधत होतात. तीही मीच शोधून दिली."

ताईंनी नळ बंद केला. काकूंचा ओला हात पदरानं त्यांनी स्वतःच पुसला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. काकू दोनदा उठल्या, एकदा गॅस बंद करायला आणि एकदा तो बंद आहे ना ते बघायला. तिसऱ्यांदा काकांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पाच मिनिटं तिघंही गप्प बसले. मग पट्टा फुगला, फुगतच गेला.

एकशे शहाण्णव–एकशे बारा. ताईंनी पुन्हा मोजलं, तेच.

"डोकं दुखतं का काकू?"

"ते होय? ते असतं आपलं मागच्या बाजूला, सकाळी सकाळी. गोळी घेतली की जातं."

"कुठली गोळी?"

"तुम्हीच देता ना. भाजीला बाहेर पडले की दर आठवड्याला एक पाकीट नेते मी. तीन महिने झाले."

दिवसभरात पहिल्यांदा ताईंना कुणावर ओरडावं ते सुचेना. तीन महिने. दर आठवड्याला काउंटरवर ही बाई समोर उभी राहायची, काकांच्या चार चौकशा व्हायच्या, काकांचं मीठ, काकांचं चालणं, काकांची झोप, आणि जाता जाता एक पाकीट डोकेदुखीचं. ताईंनी स्वतःच्या हातानं कागदात गुंडाळून दिलेलं. कुणासाठी, हे एकदाही विचारलेलं नाही.

"तुमचा चेहरा का उतरला?" काकू म्हणाल्या. "चहा गार झाला का?"

डॉक्टरांना फोन लावला तेव्हा ते आधी काही ऐकूनच घेईनात. "परत तीच बिल्डिंग? आता कुणाचं? वॉचमनचं?"

"काकूंचं. माझ्या डोळ्यांसमोर, दोनदा मोजून. सकाळी डोकं दुखतं, तीन महिन्यांपासून."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पाठवतो गाडी."

गाडी तीच आली. ड्रायव्हर तोच आला. जिन्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून त्यानं वर हाक मारली, "या खेपेला पेशंट आहे, की नुसती वही न्यायचीय?"

काकू स्वतःच्या पायांनी खाली उतरल्या. उतरताना काकांना सूचना चालूच होत्या. गॅसची चावी, बाल्कनीतले कपडे, मागची खिडकी. स्ट्रेचरवर झोपायला त्यांनी साफ नकार दिला, कारण चादर मळलेली होती. शेवटी आत सीटवर बसल्या, आणि काका शेजारी. त्यांनी काकूंची पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

संध्याकाळी काकांचा फोन आला. काकूंना दोन दिवस ठेवून घेणार होते, गोळ्या सुरू झाल्या होत्या, प्रेशर उतरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं. काकूंनी नर्सला विचारलं म्हणे की आपल्याबरोबर मिस्टरांचं पण बघून घेता येईल का, आलोच आहोत तर. ताईंनी "बरं, बरं" म्हणत फोन ठेवला, मग डोकेदुखीच्या गोळ्यांचा डबा खालच्या कप्प्यातून काढून काउंटरवर आपल्या डोळ्यांसमोर आणून ठेवला.

तेवढ्यात काच वाजली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता. बाहेर गाडी घरघरत उभी होती.

"बाई, डोकेदुखीचं एक पाकीट द्या लवकर. तुमच्या त्या बिल्डिंगनं दिवसभर डोकं उठवलंय."

ताईंनी डब्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"आजच दुखतंय की रोज?"

"रोजचंच आहे हो. द्या ना."

"आत या. बसा खुर्चीत. बाही वर करा."

"अहो, मला गोळी पाहिजे! गाडी चालू आहे बाहेर!"

"मग," ताई पट्टा उलगडत म्हणाल्या, "बंद करून या."